डबा रिकामा परत येत नाही

शिन-रोंग माझ्या बहिणीची पोर. बहीण गेली तेव्हा ती शाळेत होती, तेव्हापासून ती माझ्याच घरात. ताइनानच्या मासळीबाजारात ती साबाही माशाचे काटे काढते. त्या माशात केसासारखे काटे असतात, पण हिच्या हाताखालून गेलेला मासा तान्ह्या लेकराला खुशाल भरवावा. काटे सगळे हिच्या बोलण्यात. गिऱ्हाइकानं विचारलं, "ताजा आहे ना?" की ही म्हणणार, "मेलाय, एवढं नक्की." तरी लोक तिच्याकडेच येतात.

तिची बायको पेइ-चि गावातली बस चालवते. दोघींनी रीतसर लग्न केलं, मीच त्यांना अंगठ्या घेऊन दिल्या. गल्लीत चार दिवस कुजबुज झाली, मग लोकांना दुसरं काहीतरी मिळालं. दोघी माडीवर राहतात, मी खाली. मला बरंच. माणूस वर राहत असलं की पावलांवरून त्याचं सगळं कळतं.

मूल हवं हे शिन-रोंगनं एकदाच सांगितलं, जेवताना, तोंडात घास असताना. "मावशी, मला मूल हवंय. मला, माझ्या पोटचं." मी म्हटलं, दवाखान्यात जा. तर म्हणे, लग्न लावून दिलं सरकारनं, पण दवाखान्यात अजून नवरा लागतो. परदेशात जायचं तर दोघींची सगळी पुंजी जाणार. म्हणून त्यांनी घरीच करायचं ठरवलं. पुरुषानं आपलं वीर्य एका कपात द्यायचं आणि आपण बिनसुईच्या सिरिंजनं ते आत सोडायचं. बस.

"बस?" मी म्हटलं. "भाजीला फोडणी द्यायलासुद्धा यापेक्षा जास्त उपद्व्याप असतो."

सिरिंज आणायला औषधाच्या दुकानात मीच गेले. कशाला हवी म्हणून दुकानदारानं विचारलं, तर मांजराला औषध पाजायला म्हणून सांगितलं. पुढं जेव्हा जेव्हा गेले तेव्हा तो मेला मांजराची तब्येत विचारायचा.

माणूस त्यांनी फोनवरच शोधला. आ-काई नाव सांगितलं त्यानं. चाळिशीचा, अंगानं बेताचा, स्कूटरच्या गॅरेजात काम करणारा, नखं मात्र स्वच्छ. आणि मला तिथंच खटकलं. गॅरेजातल्या माणसाची नखं इतकी स्वच्छ कशी? शिन-रोंग म्हणाली, "इथं यायचं म्हणून घासली असतील गं." असतील. पण इथं यायचं म्हणून आणखी काय काय घासून-पुसून आणलं असेल, ते कुणी बघायचं?

रक्ताचे रिपोर्ट मागितले, त्यानं आणले. पैसे विचारले, नको म्हणाला. पेट्रोलचे तरी घ्या, तेही नको. मी मासळीची पेज पुढं केली, चार घास खाऊन त्यानं हात जोडले. फुकट कोण काय देतं हो या जगात? देवसुद्धा उदबत्ती घेतो. याआधी काऊशुंगच्या एका जोडप्याला दिलं होतं, त्यांना दोन मुलं झाली, असं तो सांगायचा. मी विचारलं, मुलगे की मुली? तर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "एकेक." मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. असल्या गोष्टीला कुणी थांबतं?

त्याची एकच अट होती. "मावशी, बाकी काही नको. लागलं की नाही, तेवढं मात्र मला कळवा."

झालं. पैसे नकोत, जेवण नको, आणि बातमी तेवढी हवी! मी त्याच दिवशी शिन-रोंगला म्हटलं, "कुठंतरी पाणी मुरतंय. ज्याला काही नको असतं ना, त्याला सगळंच हवं असतं. उद्या मूल झालं की हा दारात उभा राहील. म्हणेल, माझं रक्त, माझ्या घराण्याच्या पितरांना उदबत्ती लावणारं. कोर्टसुद्धा त्याचंच ऐकेल. मग काय करशील?"

"मावशी, तू पोलिसात का नाही गेलीस? चोर घाबरून शरण आले असते."

"हस. हसून घे."

पण ती नीट हसली नाही. तिलाही तीच भीती होती, मला ठाऊक होतं. मूल कुणीतरी मागायला येईल या विचारानं ती रात्रीची उठून पाणी प्यायची. वरून पावलं वाजायची.

तो यायचा दुपारी, बाजार उठल्यावर. मी डोळ्यात तेल घालून बघत असे. खालच्या न्हाणीघरात जायचा. पेइ-चि जिन्यात पाठ करून उभी. बाहेर आला की टॉवेलमध्ये गुंडाळलेला कप तिच्या हातात द्यायचा, आणि ती तो जाकिटाच्या आत काखेत धरून वर पळायची, गार होऊ नये म्हणून. भरल्या बसचं चाक एका हातानं फिरवणारी बाई, पण त्या जिन्यावर दरवेळी ठेचकाळायची. वरून शिन-रोंगचा आवाज, "सांडलंस तर माहेरी पाठवीन!" मग कमरेखाली उशा घेऊन पाय भिंतीला लावून ती पडून राहायची. मी खाली आ-काईपुढं कोहळ्याचा चहा ठेवून बसायची, त्याच्या कानांकडे बघत. मोठे होते कान. पोरीला आले तर केसांत झाकता येतील, असं मनात यायचं आणि माझं मलाच नवल वाटायचं.

असे महिने गेले. दरवेळी त्याचा निरोप यायचा, 'कळलं का?' दरवेळी शिन-रोंग कळवायची, 'नाही.' आणि त्या दिवशी बाजारात गिऱ्हाइकांची काही खैर नसायची.

मग एकदा सकाळी ती माडीवरून खाली आली आणि नुसतीच पायरीवर बसली. मी हातातलं काम टाकलं. तिनं मान हलवून हो म्हटलं. मी तोंडावर बोट ठेवलं. तीन महिने होईपर्यंत आमच्यात हे कुणी बोलून दाखवत नाही. गर्भाची देवता रागावते, भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नसतो. पेइ-चि कोपऱ्यात उभी राहून रडत होती, आवाज न करता, नाक पुसत.

तेवढ्यात फोन वाजला. 'कळलं का?'

शिन-रोंगनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पोरी, आत्ता दोर कापला तर कापला."

तिनं लिहिलं, 'यावेळीही नाही. आम्ही आता थांबवतोय. आभार.' आणि त्याचा नंबर बंद करून टाकला. आजही मला त्यात चूक वाटत नाही. आपलं पोर आपल्या पदराखाली असलेलं बरं.

आता पुढचं ऐका. चारेक दिवसांनी मी मूल देणाऱ्या देवीच्या देवळात गेले, पोटातल्या जिवाला सांभाळ म्हणून सांगायला. आमच्या देवीपुढं नुसते हात जोडून भागत नाही. मोठ्यानं नाव सांगायचं, जन्मतारीख सांगायची, गल्ली आणि घर नंबर सांगायचा, मग मागणं. पत्ता नाही सांगितला तर तिनं द्यायचं ते कुणाच्या घरी द्यायचं? मी उदबत्त्या पेटवत होते आणि खांबापलीकडून आ-काईचा आवाज आला.

"मी श्यु मिन-काई..."

आला! म्हटलं, आला हा मूल मागायला, देवीकडून परस्पर! खांबाला चिकटून कान दिला. त्यानं जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, नदीकाठची गल्ली, टायरच्या दुकानावरची खोली. माझ्या डोक्यात तो तिथंच कोरला गेला. भांडायला जायचं तर पत्ता हवा.

मग तो म्हणाला, "आई, मी खोटं बोललो. काऊशुंगला मला कुणी मुलं नाहीत. मी कुठंच कुणाला दिलं नव्हतं. बायको सोडून गेली तेव्हा सगळे म्हणाले, याच्यातच काही नाही. डॉक्टरकडे जायची लाज वाटली. मला त्यांचं मूल नको होतं आई, फक्त एकदा कळायला हवं होतं. आता कळलं. लोक म्हणतात तेच खरं. त्या दोघींचे इतके महिने मी वाया घालवले. माझ्या वाट्याचं काही शिल्लक असेल तर त्यांना दे. त्यांना चांगला माणूस मिळू दे." आणि आमच्या घराचा पत्ता सांगितला, नंबरासकट.

बघा, लबाड होताच की नाही! मी म्हटलंच होतं. पण माणूस माणसापुढं खोटं बोलेल, पत्ता देऊन देवीपुढं कोण बोलतं? तो तोंडावरून हात फिरवत निघून गेला. त्यानं मला पाहिलं नाही. माझ्या हातातल्या उदबत्त्या निम्म्या जळून गेल्या होत्या आणि मी मागायचं तेच विसरले.

देवळातून निघाले ती तडक बाजारात गेले आणि शिन-रोंगला सगळं सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही. ती माशातून काटे ओढत राहिली, एकामागून एक. शेवटी म्हणाली, "सांगायचं नाही. सांगितलं की त्याला कळणार, मूल आहे. आणि मूल आहे हे कळल्यावर माणूस तोच राहतो का?"

"तेच म्हणते मी."

"मग झालं तर."

पण झालं नव्हतं. पोट वाढत गेलं तशी ती मधूनच विचारायची, भांडी घासताना, पाय सुजले म्हणून टबात सोडून बसलेली असताना, "मावशी, तो पत्ता आहे ना लक्षात?" मी म्हणायची, "कशाला?" ती म्हणायची, "काही नाही."

मुलगी झाली. कान मोठे.

महिना भरला की आमच्याकडे तेलभात वाटतात, तिळाच्या तेलात परतलेला चिकट भात, वर कोंबडीची तंगडी. ज्याच्या घरी तो डबा जातो त्याला सांगावं लागत नाही, बाळ झालं ते कळतं. पूर्वी मुलगा झाला तरच तेलभात, मुलीला केक. शिन-रोंग म्हणाली, "माझ्या मुलीला तेलभातच. कोण काय म्हणतं बघते." मी डबे भरत होते. माझेच स्टीलचे, कागदाच्या खोक्यांवर माझा विश्वास नाही. तिनं बाळाला खांद्यावर घेऊन सांगितलं, "एक जास्तीचा भर."

मी पळी खाली ठेवली. "डोकं फिरलंय का? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! वाघाला आपणच हाक मारून गुहेबाहेर काढायचं?"

"तो वाघ नाही, मावशी."

"तुला काय माहीत?"

"नाही माहीत." तिनं बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "मला भीती वाटते. तुझ्यापेक्षा जास्त वाटते. पण मी त्याच्याशी खोटं बोलले, आणि तो ते खरं मानून जगतोय. माझं घर भरलं आणि तो तिकडे स्वतःला रिकामा समजतोय. मला ही पोर मांडीवर घेऊन घास गिळवत नाही."

पेइ-चिनं जास्तीचा डबा धुऊन पुसून माझ्यापुढं ठेवला.

गेले. दुसरं कोण जाणार, पत्ता माझ्याच डोक्यात. नाव नाही, निरोप नाही. टायरच्या दुकानावरच्या खोलीच्या दाराला पिशवी अडकवली आणि माघारी फिरले, सारखी मागं वळून बघत.

पुढचे दिवस कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. गल्लीत स्कूटर थांबली की शिन-रोंग बाळाला उचलून माडीवर. मी दाराला दोन कड्या लावायची. शेजारपाजारचे डबे परत येत होते. डबा रिकामा कुणी परत करत नाही. मूठभर तांदूळ घालतात आणि एक खडा, बाळाचं डोकं टणक व्हावं म्हणून. त्याचा डबा तेवढा येईना. मी म्हटलं, "बघ, वकील शोधतोय."

एके दिवशी सकाळी दार उघडलं तर कडीला माझी पिशवी. बेल वाजली नव्हती. आत माझा डबा, लखलखीत घासलेला. डब्यात काठोकाठ तांदूळ.

मी ते ताटात ओतले आणि बोटांनी चाळले. चिठ्ठी नव्हती. फोन नंबर नव्हता. तळाशी एक खडा होता, नदीतला, गोल, धुऊन पुसून ठेवलेला.

"अजून बघ," शिन-रोंग म्हणाली. पोर तिच्या छातीशी.

मी परत चाळले, दाणा न् दाणा. काहीच नव्हतं. शिन-रोंगनं खडा उचलला, बाळाच्या कपाळाला हळूच टेकवला आणि तिथंच पायरीवर बसून ढसाढसा रडली. मी दार सताड उघडंच ठेवलं, तांदूळ धुतले आणि पेज टाकली.