खोडलेल्या चार ओळी

उषा परवा गेली, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तिची ओळख काय उरली, तर "पार्किंगवरून भांडणाऱ्या काकू".

त्याखाली हात जोडलेले इमोजी. त्याच्याखाली लगेच, "आज टँकर येणार आहे का?"

टँकर येऊन गेला. आता पाच मिनिटं हे वाचा.

उषा आणि मी कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो. पाचवीत मी तिच्या वहीतून गणितं उतरवली, तर हिनेच उभं राहून सिस्टरना सांगितलं. छडी मला. आणि मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातला लाडूही हिनेच खाल्ला.

अशी आमची मैत्री.

पुढे ती जर्मन शिकली. तिच्या म्हाताऱ्या जर्मन बाई वह्या जुन्या वळणाच्या अक्षरात तपासायच्या, जे आजच्या जर्मन मुलांनाही वाचता येत नाही. बाकी वर्गाने नाद सोडला. उषाने ते अक्षर शिकून घेतलं, कारण बाई आपल्याला नक्की काय नावं ठेवतात हे तिला कळायलाच हवं होतं.

कोथरूडमध्ये घरटी एक मुलगा आयटीत लागत होता, तेव्हाची ही गोष्ट. आम्ही दोघी याच सोसायटीत शेजारी राहायचो, आणि परदेशी निघालेल्या पोरांना उषा जर्मन शिकवायची. मला कारखान्याने नुकतीच व्हीआरएस दिली होती. पर्सोनेलमध्ये बसून तीस वर्षं कामगारांची सर्व्हिस रेकॉर्ड्स लिहिली, आणि एके दिवशी माझंच मिटवून हातात दिलं.

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये मार्कुस नावाचा जर्मन इंजिनिअर भाड्याने राहायचा. एकदा सुट्टीवरून परतताना तो आजोबांचं सोल्डबुख घेऊन आला. म्हणजे युद्धात सैनिकाने खिशात बाळगायचं ओळखपत्र. तळहाताएवढी तपकिरी पुस्तिका. आत फोटो, बुटांचं माप, टोचलेल्या लसी, दवाखान्यातले दिवस, आणि कधी कुठल्या तुकडीत होता ते.

त्याच्या घरात कुणाला ते अक्षर लागत नव्हतं. आजोबा आयुष्यभर सांगत राहिले, मी युद्धात घोड्यांची देखभाल केली. मार्कुसच्या आईचा त्यावर विश्वास होता. मामा म्हणायचा, पपा खोटं बोलतात. त्यावरून बहीणभाऊ वर्षानुवर्षं बोलत नव्हते.

उषाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तरी भिंग घेऊन आठवडाभर बसली. दुपारची झोप सोडून. ती एकेक ओळ सांगायची, मी इंग्रजीत लिहून घ्यायचे. तुकड्यांची नावं म्हणजे मला नुसते आकडे आणि आद्याक्षरं. ती म्हणाली, ऑपरेशन होऊ दे, मग सगळ्याचा अर्थ लावून सांगते.

ती हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मी फेअर कॉपी केली. कॉन्व्हेंटचं अक्षर, एक डाग नाही. मार्कुसला देऊनही टाकली. मला कौतुक हवं होतं, दुसरं काय.

त्याने ती स्कॅन करून घरी पाठवली. त्यात एकच तुकडी होती, घोड्यांच्या दवाखान्याची.

आई फोनवर रडली. भावाला फोन करून म्हणाली, आता पपांच्या थडग्यावर जाऊन माफी माग. मार्कुस आमच्यासाठी केक घेऊन आला.

उषा काळा चष्मा लावून घरी आली. नव्या डोळ्याने पहिली वाचली ती माझी कॉपी.

"शशी, तुकड्यांच्या पानावरच्या चार ओळी कुठे गेल्या?"

"त्या पुस्तिकेत खोडलेल्या होत्या, म्हणून गाळल्या." आमच्या ऑफिसात खोडून सही केली की ती नोंद रद्द. तीस वर्षांचा हात माझा.

"अगं, तिथे बदली झाली की आधीची तुकडी खोडतात. खालचं वाचता यावं अशी, एकाच रेघेने."

त्या चार ओळींत दोन वर्षं होती. पूर्वेकडच्या युद्धकैद्यांच्या छावण्यांवर पहारा. तिथे कैदी उपाशी ठेवून मारले, ते उषाने मला थोडक्यात सांगितलं. घोडे त्यानंतर आले.

मी म्हटलं, राहू दे ना आता. त्याची आई साठीची बाई आहे, कधी नव्हे ती सुखाने झोपली असेल.

"तिने झोपेचं औषध मागितलं नव्हतं," उषा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मार्कुसला बोलावलं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. पाचवीचा वर्ग आठवला. आता माझं नाव येणार.

"चूक माझी," उषा म्हणाली. "डोळ्यांनी दगा दिला."

आणि मी, एरवी रिक्षावाल्यालाही शेवटचा शब्द बोलू न देणारी, गप्प उभी राहिले.

मार्कुसने सगळं ऐकलं, पुस्तिका उचलली आणि गेला. केक तसाच राहिला. पुढे कित्येक आठवडे जिन्यात भेटला तरी मान फिरवायचा. उषाने त्याच्या आईला चार पानी पत्र लिहिलं, त्यातही दोष स्वतःकडेच.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. मार्कुसनेच खाली आणून दिलं. उषाने मला वाचून दाखवलं.

आईने लिहिलं होतं, की कुणी ताटात ब्रेड टाकला की पपा टेबलावरून उठून जायचे. आम्ही हसायचो. आता भावाची माफी मी मागितली आहे. आम्ही दोघं मिळून थडग्यावर गेलो. काय बोलावं कळलं नाही, पण खोटं काही बोललो नाही.

त्यानंतर दरवर्षी नाताळात उषाला कार्ड यायचं. मी विचारलं होतं तिला, माझं नाव का नाही सांगितलंस?

म्हणाली, "ती कॉपी मी तपासायला हवी होती. आणि तुला छडी मिळाल्यावर तू आठवडाभर रडतेस, मला माहितीये."

यंदाच्या नाताळाच्या कार्डाला उत्तर मी लिहीन. उषा गेली हे कळवीन, आणि चार ओळी कुणी गाळल्या तेही.

पार्किंगवरून ती भांडायची, खरं आहे. तुम्ही चुकीच्या जागी गाडी लावत होता.

उषा, चूक माझी होती. इथे सगळ्यांसमोर लिहिलंय, आणि आता खोडणार नाही.

ये गं.