सहीशिवाय कागद नाही

आमच्या पेठेतली ग्रंथालयाची शाखा आधी सरकीचं गोदाम होती. नांदेडच्या मोठ्या ग्रंथालयाने ते घेतलं, आम्ही भिंतींना चुना दिला, तरी जमिनीतला तेलाचा वास काही गेला नाही. मी दिवसा शाळेत शिकवायचो आणि संध्याकाळी शाखा सांभाळायचो. स्वभाव माझा खडूस. वहीत सही केल्याशिवाय कुणाच्या हाती कागद देत नसे. मास्तर पाणी प्यायलाही सही मागतील, अशी लोक चेष्टा करत.

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी सोलापूरकडून चोरून एक वर्तमानपत्र येऊ लागलं. त्यावर बंदी होती. वाचताना सापडला की तुरुंग, नाहीतर त्याहून वाईट. मागच्या खोलीचं दार लावून आम्ही ते वाचायचो आणि मी शहाणा त्याच्याही सह्या घ्यायचो. नियम म्हणजे नियम. आजूबाजूची गावं जळत होती आणि मी शाई वाळवत बसलो होतो, याची आजही चीड येते.

मुदखेडकडे धरपकड सुरू झाल्याचं कळलं, तेव्हाच वही जाळायला हवी होती. हात धजला नाही. इतकी सुबक वही! तिला जुन्या पंचांगाचा पुठ्ठा चढवून मी फडताळात ठेवली.

एका दुपारी खाकीवाले आले. त्यांचा म्होरक्या आमच्याच शाखेत उर्दू मासिकं वाचायला यायचा, त्याचीही सही वहीत होती. त्याने वही मागितली. मी म्हणालो, वहीच ठेवत नाही.

"मास्तर, झूट नका बोलू," तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही बिगर सहीचा कागद हातात देत न्हाई, मला ठाव हाय."

पहिली काठी तोंडावर बसली. दात पडला. मग उजवा हात उंबऱ्यावर धरून बोटांवर मारलं. एकेक फटक्याला एकच विचारायचे, पेपर कोण वाचतं. मी ओरडलो, धोतरात मुतलो, नाव मात्र सांगितलं नाही. मग त्यांनी पुस्तकं रस्त्यावर ओतून पेटवली. दारोदार फिरून जमवलेली पुस्तकं. एरवी ऊर बडवून घेतला असता. पण पंचांगाचा तो जाड पुठ्ठा पेट घेत नव्हता आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं. वाऱ्याने तो उघडला. म्होरक्याने सह्या ओळखल्या आणि काठीने वही बाहेर ओढली.

मी अंग झोकून दिलं. वही मोडक्या हाताने परत जाळात लोटली आणि तशीच दाबून धरली. पाठीवर काठ्या पडत राहिल्या, हाताची कातडी निघाली, तरी शेवटचं पान काळं होईपर्यंत हात काढला नाही. मेलो समजून ते मला टाकून गेले. जाताना गोदामही पेटवलं. तेल प्यालेली जमीन, ते संध्याकाळपर्यंत जळत राहिलं. पेठेतल्या एकालाही कुणी उचललं नाही.

राजवट गेली. त्याच जागेवर शाखेची नवी इमारत उभी राहिली. उद्घाटनाला मागच्या खोलीतले सगळे वाचक आले, एकही कमी नव्हता. त्यांनी कोरी वही पुढे केली आणि पहिली सही मास्तरांची, म्हणाले. बोटं वळत नाहीत, असं सांगून मी सुटलो. डाव्या हाताने मला सही येते, हे त्यांना मी कधीच सांगितलं नाही.