फोन हातात धरून मोजणाऱ्या बोऱ्हाडे मॅडम

लातूरहून भोसरीच्या आमच्या कंपनीत मी रुजू झालो, त्या दिवशी सुमन बोऱ्हाडे मॅडमनी माझ्या हाती एक सॅटेलाइट फोन दिला. टेबलावर असताना तो उत्तम सिग्नल दाखवत होता. मी मुठीत धरून कानाला लावताच समोरच्या मीटरवरचा आकडा झरझर उतरला. "बघितलंत? उपग्रहाची लहर इथवर पोचते तेव्हा तिच्यात जीव तो किती उरतो! त्यातला निम्मा आपला हात आणि डोकंच खातं," मॅडम म्हणाल्या. अँटेनाचे माझे शिक्षण तिथून सुरू झाले.

पहिल्याच महिन्यात मी केबल ढिली ठेवली आणि तीन दिवसांची मोजमापे वाया गेली. आमच्या विभागप्रमुख साहेबांपुढे मॅडमनी दोष स्वतःवर घेतला, माझे नाव उच्चारलेही नाही.

अशा बाईंना कंपनीतल्या या लोकांनी कसे वागवले? रानावनात वापरायच्या नव्या फोनची चाचणी कंपनीच्या नेहमीच्या रीतीने झाली. गच्चीवर प्लास्टिकचे स्टूल, त्यावर थर्माकोल, त्यावर फोन आणि माणसे दहा पावले लांब. सिग्नल दणदणीत! मॅडमनी अहवालावर सही करायला नकार दिला. रागावल्या की त्यांच्या तोंडी गावची, दिघीची बोली येते. "अँटेना नेमकी तळहाताखाली येतीया. घाटातला वनरक्षक काय स्टुलावर ठिवून बोलणार हाय? न्हाई करायची सही म्हंजे न्हाई!"

साहेब हसले. म्हणाले, "नीट कसा धरायचा ते पुस्तिकेत छापू." लाज कशी वाटली नाही? दरीत पाय मोडून पडलेला माणूस पुस्तिका उघडून बसणार आहे का?

पुढच्याच आठवड्यात मॅडमची बदली चाकणच्या गोदामात झाली. एवढ्या ज्ञानी बाई तिथे खोकी मोजत बसल्या, पण शब्द मागे घेतला नाही. आणि आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्याच साहेबांचा 'आमच्या मार्गदर्शक' हा लेख आहे! वाचून तळपायाची आग मस्तकात गेली.

पण दुसऱ्यांवर किती ओरडू? त्या अहवालावर मॅडमच्या जागी सही मी केली. बढती हवी होती, दुसरे काही कारण नाही. तो फोन माझ्या सहीवर आजही विकला जातो आहे.

गेल्या सोमवारी मी ती सही लेखी मागे घेतली आणि विक्री थांबवून फोन माणसाच्या हातात देऊन पुन्हा तपासावा, अशी मागणी केली. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही. पत्राची प्रत घेऊन मॅडमकडे गेलो, तेव्हा माझी मान वर होत नव्हती. त्यांनी पत्र दोनदा वाचले आणि एवढेच विचारले, "मग चाचणी कधी लावताय?"

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्या चाचणीत फोन त्यांनीच हातात धरावा, आणि सही करायची की नाही तेही त्यांनीच ठरवावे.