आत्यांनी काचंची ओटी भरली

मस्कतच्या घरी आरूला मी बाथरूममधी बसवलं व्हतं, बादलीपास्नं लांब, आन् तांब्यानं थोडं थोडं पाणी घालत व्हते, तवाच दार वाजलं. भर दुपारी ह्यांची यायची येळ न्हवती. उघडलं तर ह्ये हेल्मेट हातात धरून उभं, पायातलं बूट बी काढलं न्हवतं. "आई गेली," म्हणलं. "केळीच्या रानात खाली बसली, आन् उठलीच न्हाय..." आन् मी काय करावं? पळत आत गेले आन् आरूला पाण्यातनं उचलली. पाणी तरी किती व्हतं, पाऊल भिजंल इतकं. पण कायबी वंगाळ कानावर आलं की माझा हात आधी पोरीला पाण्यापास्नं लांब करतो. तिला तशीच वली छातीशी धरून मी रडले.

आत्या म्हंजी माझ्या सासूबाई. उजनी धरणाच्या पाण्याकाठी आमचं गाव, ऊस आन् केळीचं रान. मी मातूर सांगोल्याकडची. आमच्या दारात पाणी टँकरनं यायचं, ते बी कवा यील त्याचा नेम न्हाय, त्यामुळं पाणी म्हंजी घागरीत मावतंय तेवढंच मला ठावं. लगीन करून आले आन् बघते तर दारापुढं नजर जाईल तितं पाणी! मी दोन पावलं मागंच सरले. त्यात आरूची पत्रिका केली तवा गुरुजी म्हणलं, हिला पाण्याचं भय हाय, जपा. झालं... आमच्याकडं म्हणत्यात, पाण्यात साती आसरा असत्यात, सात बहिणी देवी, रुसल्या की माणसाला आत ओढत्यात. तवापास्नं माझी झोपच गेली. ह्यांना मस्कतला एसीच्या कामावर नोकरी लागली तवा सगळ्यांत जास्त मलाच बरं वाटलं, वाळवंटात कुटलं आलंय पाणी! तर तितं उतरल्यावर बघते, गावाला खेटून समुद्र. आत्यांना फोनवर सांगितलं तर हसून हसून बेजार. "पळ, आजून पळ! पाणी काय तुझ्या मागं लागलंय व्हय गं, कोरडे?"

कोरडी... मला तसंच म्हणायच्या. राग नसायचा त्यात.

मग आत्याच आमच्याकडं आल्या, पयल्यांदाच इमानात बसून. सुट्टीच्या दिवशी ह्ये म्हणलं, चला, अ‍ॅक्वेरियम बघायला जाऊ, लई मोठं हाय, डोक्यावरनं मासं जात्यात. मी म्हणलं, तुमी दोघं जावा, मी पोरीला घिऊन घरीच ऱ्हाते. आत्या पिशवी भरत व्हत्या. बघते तर आत हळदीकुंकवाचा करंडा, तांदळाची पुडी, गावाकडनं आणलेला हिरवा खण आन् वर नारळ.

"आवं आत्या, देवळात न्हाय चाललो, मासं बघाय चाललोय."

"येवढं पाणी कोंडून ठिवलंय म्हणं. मग आसरा बी आसतील की तितं. रिकाम्या हातानं कसं जायचं?"

"आये, काचंच्या टाकीत कुटनं आल्या आसरा?" ह्ये हसाय लागलं.

"का? तुझ्या टाकीत पाणी न्हाय व्हय?"

ह्यांनी नारळ तेवढा काढून फ्रीजवर ठिवला. आत्या मला म्हणल्या, "सुवर्णा, पोरगीला घे आन् चल. पाणी काचंच्या आत, तू भाईर. हितं न्हाय बघितलंस तर कुटं बघशील?" मी आरूला कडंवर घेतलं.

आत गेलो तर गारगार, निळा निळा उजेड, आन् काचंचा बोगदा. वर पाणी, हिकडं पाणी, तिकडं पाणी. मी आत्यांचा पदर धरला आन् डोळंच मिटून घेतलं. आरू मातूर माझ्या कडंवरनं उतरायला बघतीया, हात पाय झाडतीया, "मम्मी सोड, मम्मी सोड की!" मी काय सोडती व्हय... आत्या एकाएकी थांबल्या म्हणून मी बी थांबले. भीत भीत डोळं उघडलं. त्या वर बघत व्हत्या. आत पाण्यात दगडाच्या पडक्या भिंती केल्या व्हत्या, शोभंला, आन् त्यांतनं मासं आत-भाईर करत व्हतं.

"आमचं गाव आता आसंच दिसत आसंल," आत्या म्हणल्या.

त्यांचं माहेर धरणात गेलेलं, ते मला ठावं व्हतं. पण त्या कवा त्याच्यावर बोलायच्या न्हाईत. त्या दिवशी बोलल्या. "त्यो बघ, त्यो चपटा मासा. आमच्या देवळाच्या कळसावरनं आसाच जात आसंल. आन् ह्यो बारका, आमच्या चुलीपाशी." मग माझ्याकडं वळून म्हणल्या, "पाण्यानं माझं घर नेलं गं. आन् त्याच पाण्यावर मी केळी काढली, ह्याला शिकवलं. मी पाण्याला भ्याले आसते तर खाल्लं काय आसतं?"

आन् तितंच, लोकं जात-येत असताना, त्यांनी करंडा काढला. काचंला हळद लावली, कुंकू लावलं, खाली खण ठिवला, त्याच्यावर तांदूळ. डोक्यावर पदर घेतला. "आयांनो, ही माझी नात. हिच्या पत्रिकेत काय बी लिवलेलं आसू द्या, तुमी हिला वळखून ठिवा. मी हिला पाण्यात घालणार हाय. सांभाळा."

मला तर लाज बी वाटली आन् भ्या बी वाटलं, त्यात गार्ड पळत आला. केरळचा पोरगा व्हता. "अम्मा, अम्मा, ये नहीं लगाना!" ह्ये माफी मागाय लागलं. आत्या शांत. "दमानं रं बाबा. मी लावलं, मीच पुसते." पदराच्या टोकानं काच लख्ख पुसली, तांदळाचा दाणान् दाणा येचून खणात बांधला. पुसता पुसता मला म्हणल्या, "पुसलं तरी पोचलं ते." गार्ड बी हसला. आन् मी बघते तर माझ्या कडंवर आरू न्हाईच... ती काचंला नाक लावून उभी, आन् पल्याडनं येक मोठा मासा तिच्याकडं बघतोय. मी तिला कवा सोडली ते माझं मलाच कळलं न्हाय.

जाताना आत्या इमानतळावर बोलून गेल्या, "उन्हाळ्यात या. पोरगीला मी पोहायला शिकीवते." आमी उन्हाळ्याच्या आधीच आलो, पण ते त्यांच्या दहाव्याला.

तेरावं झालं, ह्ये परत मस्कतला गेलं. मी म्हणलं, मी ऱ्हाते, आरूला पोहायला शिकीवते. फोनवर म्हणत्यात, "तू तर हिरीत वाकून बघत न्हाईस, पोरीला काय शिकीवणार?" मी म्हणलं, बघू.

मग येक दिवस पाणी उपसायच्या मोटारीच्या खोलीत गेले, पाण्याकाठच्या. आत्यांचाच वावर असायचा तितं. ग्रीसचा वास, खुट्टीला त्यांचा जुना टावेल. आन् त्या टावेलामागं दोन डबं टांगलेलं. आमच्याकडं पोरं पाठीला रिकामा डबा बांधून पोहायला शिकत्यात, डबा बुडू देत न्हाय. झाकणं डांबरानं बंद केलेली, दोऱ्या नव्या, गाठी मारून ठिवलेल्या. बारका डबा आरूचा, ते बघताच कळलं. मोठा कुणाचा ते कळंना. दोरी तर आरूला दोन वेढं बसतील इतकी लांब. मी साडीवरनंच ती माझ्या कमरंला लावून बघितली... बरोबर बसली. मी तितंच मोटारीजवळ खाली बसले. 

आता आमी रोज सकाळी उतरतो. मामा, म्हंजी माझे सासरे, काठावर दोर धरून बसत्यात. आरू माझ्या पुढं गेलीया, पाय मारती, मलाच दम देती, "मम्मी, हात सोड की!" भ्या वाटतंय, खोटं कशाला बोलू, पाणी छातीला लागलं की श्वासच कोंडतो. गुरुजींनी सांगितलेलं अजून कानात हाय. पण मी मागं फिरत न्हाय. माझ्या डब्याची गाठ आत्यांनी मारून ठिवलीया, मी ती कवाच सोडत न्हाय, नुसती कमरंत अडकीवते. वली झाली की ती आजून घट्ट बसती.