चढाला म्होरं कोण बसणार

आमचा लासुर्ण्याकडचा मुलूख इतका सपाट आहे की मोटर चालू केली तर पाणी आधी पाटात उभं राहून कुठल्या बाजूला जायचं याचा विचार करतं. चढ म्हणजे काय हे आम्हाला फक्त कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर चढवताना कळतं, आणि तेवढ्यावरसुद्धा आमच्याकडची पोरं अशी मिशीला पीळ देतात की जणू सह्याद्री ओलांडून आली. अशा गावात जन्मून मी डोंगर चढणाऱ्या यंत्राचा उस्ताद झालो. यावर कुणाचा विश्वास बसत नाही. माझाही सकाळी उठल्या उठल्या बसत नाही. चहा झाला की बसतो.

त्या वर्षी माघ लागला आणि मला बूड टेकवून बसता येईना. जेवताना उभा, बोलताना चालता, रानात गेलो की घराकडे नजर आणि घरी आलो की रस्त्याकडे. आमची मंडळी म्हणाली, "ताट खांबाला बांधू का? म्हंजे फिरत फिरत जेवता येईल." तिला कारण माहीत होतं. कारण होतं माझी आत्या.

आत्याला दिली ती पार बारामतीच्या पलीकडे, मोरगावच्या बाजूच्या जिरायती गावात. तिथं बाजरी, ज्वारी आणि शेळ्या. शेळ्या इतक्या चपळ की बाभळीच्या शेंड्यावर बसून रवंथ करतात. गावाच्या मागे एक मुरमाड डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर देवाचा दगडी चौथरा. माघातल्या जत्रेला त्यांच्या भावकीतल्या सुना पुरणपोळीच्या टोपल्या घेऊन वर जातात. ज्या सुनेचं पाऊल आधी चौथऱ्यावर पडेल, तिचा नैवेद्य पहिला. लग्न होऊन आली तेव्हापासून हा मान आत्याचा होता. तरुणपणी ती टोपली डोक्यावर घेऊन अशी चढायची म्हणे की ढोल वाजवणारे खालीच राहायचे आणि आवाज दमून मागून पोचायचा.

पण आता तिचे गुडघे गेले होते. आणि तिची धाकटी जाऊ, जिला मी काकी म्हणतो, ती मानावर टपून बसली होती. काकी अंगानं भक्कम. डोंगरावर दर झाडाखाली बसत, दम खात, पण पोचायची. आणि भावकीचा नियम असा की मान एकदा दुसरीकडे गेला की परत येत नाही. आत्याने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "यंदा माझं पाऊल पडत न्हाय बघ, लेकरा." एवढं बोलून ती शेळ्यांना शिव्या देत राहिली, फोन चालूच. त्या शिव्यांमधलं रडू मला ऐकू आलं.

मी देवाचे नियम तपासले. माणसाच्या खांद्यावर बसून यायचं नाही. टोपली वाटेत जमिनीला टेकवायची नाही. देवाच्या डोंगराचा दगड जागचा हलवायचा नाही. बस. बाईनं पायानं यावं की चाकानं, याबद्दल देव कधी काही बोलला नव्हता.

चाकं होती माझ्या मित्राकडे. त्यानं इंदापूरच्या बाजूला डाळिंबाच्या बागेत कृषी पर्यटन काढलेलं. पुण्याची माणसं तिथं येऊन पैसे देऊन गाईला चारा घालतात आणि आम्ही फुकट घालतो त्याचे फोटो काढतात. त्यांच्यासाठी त्यानं एटीव्ही आणली होती. चार फुगीर चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, पुढं एक लोखंडी जाळी, मागं एक. दिसायला बेडूक, आवाजाला रेडा.

"डोंगर चढंल का ही?" मी विचारलं.

"भिताड चढंल. पर चालवणारा पायजे," मित्र म्हणाला. "ऐक. चढाच्या आधीच खालच्या गिअरात टाकायची. मधी गिअर बदलायचा न्हाय. सरळ रेषेत वर, आडवी घ्यायची न्हाय. अंग म्होरं झुकवायचं, पार हँडलवर. नजर माथ्यावर. आन् बंद पडलीच, तर ब्रेक दाबून धरायचा, सरळ मागं सोडायची न्हाय. मागं सोडली की तू खाली, ती वर."

"मला शिकवतोस? दोन ट्रॉल्या भरून ऊस वढतो मी."

"म्हनूनच शिकवतोय," तो म्हणाला.

सराव करायला आमच्याकडे डोंगर कुठला? शेततळ्याचा भराव होता. खोटं नाही सांगत, त्या भरावाच्या माथ्यावर उभं राहिलं की मला त्या दिवशी उजनीचं पाणी, भिगवणचे पक्षी आणि जरा डोळे ताणले तर पुढचा जन्म दिसत होता. आत्या मागच्या सीटवर बसणार म्हणून तिच्या वजनाचं मळीचं पोतं मी मागच्या जाळीला बांधलं. मळी म्हणजे उसाचा रस गाळून कारखान्यात उरतो तो गाळ, आम्ही खत म्हणून रानात टाकतो. ती वासानं आधी पोचते, मग स्वतः येते.

ऊसवाल्याची खोड अशी की ओझं म्हटलं की ते मागेच असणार. ट्रॉली मागे, वाढ्याचा भारा मागे, बायको मोटरसायकलवर मागे. ट्रॅक्टरची पुढची चाकं ओझ्यानं उचलली तर आमची पोरं टाळ्या पिटतात. मीही तसाच, छाती काढून, सीटवर मागे रेलून बसलो आणि दिली पिळून.

भरावाच्या मध्यावर एटीव्ही घोड्यासारखी मागच्या पायांवर उभी राहिली. क्षणभर मला समोर फक्त आभाळ दिसत होतं, त्यात एक घार, आणि घार हसत होती. मग मी शेततळ्याच्या या बाजूला, पोतं त्या बाजूला, आणि यंत्र कुशीवर पडून खोकत होतं.

मित्र काठावरून म्हणाला, "टाळ्या पिटू का?"

अंगाला मळी फासलेली, एक चप्पल पाण्यात, आणि तसाच पडल्या पडल्या मला आमची बैलगाडी आठवली. लहानपणी गाडीत माल मागे जड भरला की जू वर उचललं जायचं आणि बैल लोंबायला यायचे. गाडी उलाळ झाली म्हणायचे. मग वडील आम्हा पोरांना भराभर उचलून पुढं जुवाजवळ धुरीवर बसवायचे. आमच्या वजनानं जू खाली यायचं. घरात ट्रॅक्टर आला आणि ते सगळं आम्ही बैलांबरोबर विकून टाकलं.

पोतं पुढच्या जाळीला बांधलं. मागे मित्राला बसवलं, तो नको नको म्हणत असताना. मी हँडलवर इतका वाकलो की हनुवटीनं हॉर्न वाजला. खालचा गिअर, एकसारखी पीळ, नजर भरावाच्या काठावर. एटीव्ही अशी चढली जसा पाहुणा जेवणाच्या वासानं ओसरी चढतो. मित्र मागून माझ्या कमरेला मिठी मारून देवाचं नाव घेत होता. त्याच्याच गाडीवर.

जत्रेच्या सकाळी पिकअपमध्ये एटीव्ही घालून निघालो. बारामतीपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे सरपटत गेलो. प्रत्येक ट्रॉली माझ्या वाटेत मुद्दाम आणून घातल्यासारखी. मी पिकअपमध्ये बसल्या बसल्या पायानं ब्रेक दाबत होतो, क्लच दाबत होतो. चालवणारा मित्र म्हणाला, "तिकडं पेडल न्हाईत बाबा, नुसता पत्रा हाय. पाय खाली रस्त्याला लागंल."

आत्या नवं लुगडं नेसून, टोपली मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसलेली. कधीपासून बसली होती कोण जाणे, पोळ्यांचा वास कपड्याला लागला होता. एटीव्ही बघून म्हणाली, "ह्ये म्हशीचं रेडकू माझं वज्जं घील व्हय?"

डोंगराच्या पायथ्याला पोचलो तर भावकीतले गडी ढोल घेऊन वर गेलेले, बाकीच्या सुना अजून घरी टोपल्या भरत होत्या. खाली फक्त दोघं होते. एक भावकीतले आबा, वाळून काडी झालेले, नियम सांगायला मागे थांबलेले. आणि काकी, पहिल्या झाडाखाली पहिला दम खात.

आबांनी एटीव्हीभोवती फेरी मारली आणि पुढच्या जाळीपाशी थांबले. नाक मुरडलं. "ह्यात काय हाय?"

"वजन हाय आबा. म्होरं वजन लागतं."

"मळी हाय ही. असलं घाण पोतं देवाच्या वाटंवर न्यायचं न्हाय."

"मग दगड बांधतो."

"डोंगराचा दगड हलवायचा न्हाय."

"मग तुमी बसा म्होरं."

आबा म्हणाले, "बसतो की." पण बसले तरी जाळीला पत्ता लागला नाही. पुढची चाकं तशीच हलकी. त्यांच्यापेक्षा त्यांचं पागोटं जड होतं. मी डोकं धरून गोल गोल फिरायला लागलो. वर ढोल वाजत होता. आत्या मागच्या सीटवर टोपली छातीशी धरून बसली होती आणि तिच्यावरचं फडकं परत परत नीट करत होती, हे सगळ्यात वाईट.

तेव्हा झाडाखालून काकी उठली. "मी बसते."

मला गहिवरून आलं. दोघी जावा एकमेकींच्या शेळ्यांनासुद्धा ओळख देत नाहीत, आणि ही बाई जावेचा मान राखायला पुढं येते! काकी टोपली सांभाळत जाळीवर बसली आणि पुढची चाकं जमिनीत अशी रुतली की डोंगर किंचित खाली गेला. मी जाहीर सांगतो, असं बायाबापड्यांना जाळीवर बसवणं कुणी करू नये. मी केलं कारण मी उस्ताद होतो आणि दुसरा इलाज नव्हता.

खालचा गिअर. पीळ. निघालो. समोर काकीची पाठ, म्हणजे समोर काहीच दिसत नव्हतं. मागे आत्याची टोपली माझ्या पाठीत रुतलेली. मी पार पुढं झुकलो तर काकीच्या अंबाड्याचं खोबरेल माझ्या नाकाला लागलं. पण यंत्र चाललं. करवंदीच्या जाळ्या मागे गेल्या, मुरमाची घसरण गेली, शेळ्या वाटेतून उठून आम्हाला जागा देत होत्या. अर्धा चढ संपला आणि काकी मान न वळवता गोड आवाजात म्हणाली,

"हळू घे हां पोरा. म्होरं बसणारीचं पाऊल आधी पडतं."

तेव्हा मला कळलं ती एवढ्या लवकर का उठली होती.

पाठीत आत्याचा गुद्दा बसला. "मुडद्या! तिला का बसवलीस म्होरं?"

"तू बसली असतीस तर वजन पुरलं नसतं आत्या!"

"मग पोळ्या खायला घालून जड केलं असतंस!"

"भांडा," काकी म्हणाली, "पर हँडल धरून भांडा."

थांबता येत नव्हतं. चढावर थांबलं की गेलो. आडवी घेता येत नव्हती. काकीला उतरवलं तर उलाळ, ठेवलं तर मान गेला. माझ्या डोक्यात मित्राचे सगळे नियम शेळ्यांसारखे उड्या मारत होते. माथा जवळ आला. ढोलवाले दिसले, चौथऱ्याचे काळे दगड दिसले. शेवटच्या दगडी पायरीखाली, अगदी हात लांब केला तर शेंदूर लागेल एवढ्यावर, इंजिन बंद पडलं.

पडलं म्हणतो आहे मी. आबा आजही म्हणतात, पाडलं.

दोन्ही ब्रेक आवळले. भावकी वर ओरडत होती, काकी खाली सरकणाऱ्या मुरमाकडे बघून प्रथमच देवाचं नाव घेत होती. सरळ मागे सोडायची नाही, हा नियम. मग करायचं काय, तर हँडल पार वळवायचं, ब्रेक जरा जरा ढिला करत एटीव्हीचं तोंड हळूहळू उताराकडे फिरवायचं. मी फिरवली. शेजारी उभ्या दोघा गड्यांनी बाजूनं रेटा दिला. बेडूक जागच्या जागी वळला. आता काकीचं तोंड गावाकडे आणि आत्याची पाठ थेट देवाला लागलेली.

आत्यानं गडबड केली नाही. टोपली डोक्यावर ठेवली, वरच्या अंगाला पाय सोडला, उतरली, वळली, आणि गुडघा दाबत चौथऱ्यावर पाऊल ठेवलं. ढोल असा वाजला की खाली मोरगावच्या रस्त्यावर यष्टीनं वेग कमी केला.

"अगं ए!" काकी जाळीवरून ओरडली. "म्होरं मी व्हते!"

"व्हतीस की," आत्या वरून म्हणाली. "गावाकडं म्होरं व्हतीस."

काकीला उताराच्या तोंडावरून उतरता येईना. हातात टोपली, टेकवायची नाही. तीन गडी हात द्यायला गेले तर तिनं तिघांनाही झिडकारलं. मग आत्याच परत आली. एक हात कमरेवर, दुसरा पुढं. काकीनं टोपली काखेत मारली आणि तो हात धरला. दुसरा नैवेद्य तिचा झाला. पोळीचा पहिला घास आत्यानं एटीव्हीच्या दिव्याला लावला आणि दुसरा काकीच्या तोंडात कोंबला, म्हणजे तिला काही बोलता येऊ नये म्हणून.

घास गिळून काकी बोललीच. "उतरताना मी मागं."

"उतरताना वजन मागंच लागतं," मी म्हणालो.

"मग बसतेच. आन् पुढल्या साली चढतानाबी मागंच बसणार, सांगून ठेवते."

"मी तरी म्होरं कुठं बसतीय?" आत्या म्हणाली.

तेव्हापासून मला परत बूड टेकवता येत नाही. माघ लांब आहे, पण दोघींचा निरोप येऊन गेला आहे आणि दोघी मागेच बसणार आहेत. दोघी मागे म्हणजे घार पुन्हा हसणार. मळी चालत नाही, दगड चालत नाही, आबांचं वजन लागत नाही. पुढं बसवायचं कुणाला? परवा जेवताना मी सहज, अगदी सहज, आमच्या मंडळीला तिचं वजन विचारलं.

तिनं ताट खांबाला बांधलं.