"आहे का रे?"

आमच्या गल्लीतल्या लोकांनो, मोहाच्या झाडाखालचा पाला जाळा, पण आधी आमच्या घरी सांगून जाळा. काऊन, ते सांगते.

माझे बाबा नव्वदीच्या पुढचे. एकोणीसशे पन्नासच्या दशकात ते जंगलात आग विझवायच्या टोळीत होते. धुरात कोणी कोणाले दिसत नसे. म्हणून हिरव्या फांदीनं आग झोडपता झोडपता बाजूच्याले ओरडून विचारायचं, "आहे का रे?" तो म्हणणार, "हाव!"

एका दुपारी डावीकडून त्यांच्या सोबत्याचा, मंकूचा, "हाव" आलाच नाई. संध्याकाळी त्याचं मढं खाटेवर गावात आणलं. दुसऱ्या दिवशी बाबा परत आगीवर. त्यांना कोणी काही विचारलं नाई.

आज शेजाऱ्यानं पाला पेटवला. धूर आमच्या अंगणात आला. पाहते तर बाबा कडुनिंबाची फांदी घेऊन उभे, आणि ओरडून राह्यले, "आहे का रे?"

मी जवळ जाऊन म्हटलं, "हाव बाबा, मी आहो."

माझ्याकडे न पाहताच बोलले, "तुले नाई. डावीकडे विचारून राह्यलो."

तुमच्या घरी कोणी आगीवरून परत येत असन, तर त्याले कधी विचारलं का, "आहे का रे?"