आप्पांचा वेळू

मासे दाखवणारं मशीन मी खासबागेतल्या दुकानातून आणलं, तेही दोनदा पायरी उतरून निघून जायचं सोंग करून. घासाघीस मला जमते. आयुष्यात एकच वस्तू घासाघीस करूनही मिळाली नाही, ती आप्पांचा वेळू.

आप्पा, म्हणजे आमचे वडील, हिडकल धरणाच्या फुगवट्यात मासे धरायचे. जाळं टाकण्याआधी लांब वेळू पाण्यात उभा सोडायचे आणि वरच्या टोकाला कान लावून डोळे मिटायचे. ओठात निपाणीची विझलेली विडी. खालून थव्याची सळसळ ऐकू येते म्हणे. मी हात पुढं केला की म्हणायचे, "तू गप बसतोस व्हय? तुला काय ऐकू येणार!" शेवटी वेळू थोरल्या भावाकडं, अण्णाकडं गेला. तो राग अजून आहे. मशीन त्या रागातच घेतलं.

होडी मात्र दोघांची. मशीनचा मुठीएवढा काळा तुकडा, ट्रान्सड्यूसर, पाण्याखाली राहील असा मागच्या फळीला बसवायचा होता. तो खाली आवाज सोडतो आणि परत आलेला आवाज पडद्यावर उमटतो. मी ड्रिल टेकवलं, तेवढ्यात अण्णा काठावरून ओरडला.

"आप्पांच्या होडीला भोक पाडतोस? लाज न्हाय वाटत?"

"स्क्रूपुरतंच हाय! डांबर भरतो की वरनं."

"घाल तुझ्या डोंबलावर डांबर!"

मी ड्रिल आपटलं. तो तरातरा घरी गेला आणि आला तो खांद्यावर वेळू घेऊन.

"ह्याला बांध."

ट्रान्सड्यूसर वेळूच्या खालच्या टोकाला पट्टीनं आवळला, होडी आत नेली आणि वेळू कडेला उभा सोडला. पडद्यावर तळ दिसला, त्याच्यावर कमानीसारख्या वाकड्या रेषा, एकेक रेष म्हणजे एकेक मासा. मी छाती काढून अण्णाकडं पाहिलं. त्यानं सवयीनं वर कान लावला होता.

"नुसती टकटक. तुझ्यासारखंच हाय, गप बसत न्हाय."

मी तणतणत बटण बंद केलं. अण्णा वेळू धरूनच बाजूला सरकला.

"ये. लाव कान."

टोक आप्पांच्या गालानं गुळगुळीत झालेलं. विडीचा वास आल्यासारखा वाटला, उगाचच. मग खूप खाली काहीतरी सळसळलं.

"आलं का ऐकू?"

"थांब की अण्णा," मी म्हणालो. "जरा गप बस."